शक्यार्थ

बकुळा इंग्रजीत बोलली तेव्हा जानू मांडवीच्या पायऱ्यांवर तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि त्याच्या तोंडात एक अख्खं वाक्य तयार होतं. आगबोट बाहेर खोल पाण्यात नांगरून होती, उतारू घेऊन आलेला पडाव धक्क्याला लागला होता, आणि त्यातून नवी मिसबाई एका हाताने टोपी धरून, दुसऱ्या हाताने पायरीचा दगड चाचपत वर येत होती. दवाखान्यातली जुनी मिसबाई म्हातारी होऊन आपल्या देशी परत गेली होती, तिच्या जागी ही आलेली. हिला मराठीचा गंध नाही हे आधीच कळलं होतं. म्हणून तर बोटीच्या एजंटाने आपल्या कचेरीतल्या जानूला मुद्दाम पाठवलं होतं. "जानू, तुला इंग्रजी येतं, तू पुढे उभा राहा," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि जानू सकाळपासून मनातल्या मनात कर्ता, क्रियापद आणि कर्म ओळीत लावत होता. पण वर येताच मिसबाईने मागे वळून पडावातल्या पेटीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. जानूच्या वाक्याला जुळेल असं ते नव्हतं. शब्द एकमेकांना चिकटून आले, शाळेतल्यासारखे सुटे सुटे आले नाहीत. तो ते मनात सोडवायला लागला, आणि तेवढ्यात दवाखान्यातल्या बायकांबरोबर आलेली त्याची बायको पुढे होऊन म्हणाली, "येस. ही कॅन ब्रिंग. आय कॅन ब्रिंग आल्सो. यू कम."

मिसबाई मोठ्याने हसली आणि तिने बकुळाचा हात धरला. पडावात वल्हं आडवं टाकून बसलेला जानूचा चुलतभाऊ गंगाराम खालून ओरडला, "वैनी, तुमी तर सायबीण झालात की वो!" मग तो जानूकडे बघून म्हणाला, "काय दादा, तुमचा विंग्रजी बोटीतच ऱ्हायला काय?" पडावातली माणसं हसली. जानूही हसला. हसताना आपल्या गालाची कातडी ओढली जाते आहे हे त्याला स्पष्ट जाणवलं. बायका पेटी उचलून मिसबाईला घेऊन निघाल्या, आणि जाताना बकुळाने एकदा मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो आनंद ती त्याला दाखवत होती, पोर चित्र काढून दाखवतं तसा. त्याच्यासाठीच दाखवत होती. तेच त्याला सोसलं नाही. तिने मिजास केली असती तर त्याला रागावता आलं असतं.

कचेरीत येऊन तो टेबलाशी बसला आणि टाक दौतीत बुडवून तसाच राहिला. खिडकीतून खाडीचं तोंड दिसत होतं, ओहोटी लागली होती. समोर मालाच्या याद्या होत्या, त्यांतला शब्द न् शब्द त्याला कळत होता. त्याचं अक्षर वळणदार होतं, मुंबईच्या कचेरीनेही एकदा त्याची तारीफ केली होती. त्याला इंग्रजी लिहिता येत होतं, वाचता येत होतं, वाक्याचं पृथक्करण करता येत होतं. 'ब्रिंग'च्या पुढे कर्म हवं होतं. 'यू कम' म्हणजे आज्ञा झाली, वडीलधाऱ्या मडमेला अशी आज्ञा करत नाहीत. तिच्या तीन वाक्यांतल्या चुका त्याने पुन्हा पुन्हा मोजल्या. मोजताना क्षणभर बरं वाटायचं, पण पुन्हा मिसबाईचं ते हसू कानात यायचं. ती चुकांना हसली नव्हती. परक्या मुलखात उतरल्यावर पहिल्यांदाच कुणी आपलं बोलणं समजून घेतलं, अशी ती हसली होती.

इंग्रजी ही त्याची एकट्याची गोष्ट होती. ती त्याला कशाच्या बदल्यात मिळाली होती हेही तो विसरला नव्हता. त्याचा बापूस तांडेल होता, होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. मांडवीपासून जयगडपर्यंत त्याला मानत. त्याचा हा एकुलता मुलगा होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं ओकून टाकायचा. पाणी मानेपर्यंत आलं की त्याचे हातपाय लाकडासारखे व्हायचे. बापसाने त्याला कमरेला दोर बांधून पोहायला टाकलं, शिव्या दिल्या, लाडीगोडीही लावली. शेवटी एके दिवशी ओल्या कपड्यांनिशी कुडकुडणाऱ्या पोराला त्याने पाठीवर घेऊन घरी आणलं आणि त्याच्या आईला सांगितलं, "ह्याला होडी येत नाय, तर ह्याला विंग्रजी तरी येऊ दे." जानू शाळेत गेला. मास्तर छडी हातावर टेकवून 'कॅन' शिकवत. ह्याला शक्यार्थ म्हणतात, ह्याच्या पुढे 'टु' लावाल तर हात सुजवीन. जानूने कधी 'टु' लावला नाही. आळीत पत्र आलं, तार आली, की माणसं त्याच्याकडे यायची. बापूस ओट्यावर जाळं विणत बसलेला असायचा, मान वर करायचा नाही, पण जानू वाचायला लागला की त्याचे हात थांबायचे. तेवढं जानूला पुरायचं.

मग बुरोंडीहून बकुळा लग्न होऊन आली. पहिल्याच वर्षी भाद्रपदात, समुद्र अजून नीट निवला नव्हता तेव्हा, खुंट्याला बांधलेली एक लहान होडी दोर तुटून वाहून चालली होती आणि किनाऱ्यावर नेमकं कुणी मर्द माणूस नव्हतं. बकुळाने कासोटा आवळला, पाण्यात शिरली, पोहत जाऊन होडीत चढली आणि वल्हवत ती परत घेऊन आली. जानू तेव्हा वाळूत उभा होता, हातात चपला धरून. बापूस धावत आला, त्याने सुनेकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हा माझा खरा पोरगा." तो गमतीत म्हणाला होता. नंतर मरेपर्यंत तो ते गमतीतच म्हणत राहिला.

त्या आठवणीला जानूने मनात एक जागा करून दिली होती. तिला होडी येते, मला इंग्रजी येतं, असा हिशेब जमला होता आणि त्या हिशेबावर संसार सुखाने चालला होता. पुढे बकुळाचं मूल पोटातच दगावलं. तीही जाणारच होती, पण जुन्या मिसबाईने तिला दवाखान्यात नेऊन वाचवलं. उठून बसायला लागल्यावर ती घरी न थांबता दवाखान्यातच जायला लागली, आधी कपडे धुवायला, मग अडलेल्या बायकांजवळ बसायला. तिच्या हाताला गुण आहे, बायका तिचा हात धरला की ओरडायच्या थांबतात, असं सगळे म्हणायला लागले. मिसबाईने तिला सांगितलं की तू नर्स होशील, पण त्याला थोडं इंग्रजी लागेल. त्या दिवशी संध्याकाळी ती जानूसमोर पाटी घेऊन येऊन बसली. "मला शिकवा," म्हणाली.

ते दिवस आठवले की त्याला आता जास्तच जळजळ व्हायची, कारण ते चांगले दिवस होते. सकाळी कचेरीत जाण्याआधी पडवीत तो शिकवायचा आणि ती पाटीवर गिरवायची. तिचे केस ओले असायचे, पाटीवर थेंब पडायचे. 'ही' म्हणजे तो आणि 'शी' म्हणजे ती, हे ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली होती. "बाप्याला ही नि बाईला शी? कुणी केलंय वो हे?" मग त्याने तिला 'कॅन' शिकवलं. आय कॅन, यू कॅन, ही कॅन, शी कॅन. ती वाट बघत राहिली.

"मग बाईला काय?" तिने विचारलं.

"शी कॅन. सांगितलं ना."

"म्हंजे बाप्याला कॅन नि बाईलापण कॅनच? बदलत नाय?"

"नाही बदलत."

तिने ते पाटीवर दोनदा लिहिलं. मग मान वाकडी करून म्हणाली, "आपण म्हणतो, मला पोहता येतं. म्हंजे पोहणं कुठनंतरी येतं, आपल्याकडं येतं. ह्यांच्यात ते 'येतं' कुठं हाय?"

"ह्यांच्यात 'येतं' नाही. ह्यांच्यात मी. आय. मी करू शकतो."

"मी," ती म्हणाली. "आधीच मी." आणि ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. जानूला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं. त्या शब्दाने तिच्या आत काय हललं ते त्याने तेव्हा पाहिलं नाही, आणि आता कचेरीत टाकाची शाई वाळत असताना त्याला ते दिसत होतं. पंधरा वर्षं तो शब्द त्याच्याकडे होता. त्याने तो जपून ठेवला होता, गंज लागू दिला नव्हता, आणि एकदाही वापरला नव्हता.

नवी मिसबाई आल्यापासून बकुळाचं बोलणं बदलत गेलं. घरात पाणी मागताना ती मुद्दाम 'वॉटर' म्हणायची आणि शेवटचा र गिळून टाकायची, तसा जानूने शिकवलेला नव्हता. तो जेवताना तिच्या चुका काढायचा. ती भाकरी थापता थापता त्या सुधारून म्हणायची, तिला राग यायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती चूक करायची नाही. त्याच्याकडे काढायला चुका कमी कमी उरत होत्या. एकदा दुपारी एजंटाचा निरोप द्यायचं निमित्त करून तो दवाखान्याकडे गेला. खिडकी उघडी होती. आत बकुळा आणि मिसबाई बोलत होत्या, आणि मध्येच बकुळा हसली. ते हसू त्याने कधी ऐकलं नव्हतं. ते इंग्रजीतलं हसू होतं. इंग्रजीत हसता येतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मास्तरांच्या वर्गात कुणी हसत नसे. तो भिंतीला लागून छत्री मिटून उभा राहिला, उन्हात, आणि त्याला वाटलं, आत कुणी पुरुष असता तर बरं झालं असतं. बायकोवर संशय घेणारा नवरा लोकांना कळतो, आईला सांगता येतं, चुलतभावांना जमवता येतं. हे कुणाला सांगणार? माझ्या बायकोला माझ्यापेक्षा चांगलं बोलता येतं, म्हणून माझ्या छातीत निखारा आहे, असं कुणाला म्हणणार? निरोप न देताच तो परत आला.

मार्गशीर्षात कळलं की घाटावरच्या मोठ्या दवाखान्यात वर्षभर शिकायला इथून एकीला पाठवायचं आहे. दोघींची नावं होती, एक बकुळा आणि दुसरी यमुनाबाई, संगमेश्वराकडची विधवा, शाळेत शिकलेली. मिसबाई दोघींना समोर बसवून विचारणार होती, तुला काय काय येतं ते तूच सांग. बकुळा तिथे मदतीला होतीच, पण तिचं काम जुनी नर्स बघायची, मिसबाईने ते जवळून पाहिलं नव्हतं, आणि घाटावरच्या डॉक्टरणीने लिहिलं होतं की बाईला आपलं आपण इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. मिसबाई विचारणार होती त्या सकाळी बकुळा पडवीत जानूसमोर बसली, पूर्वी बसायची तशी. पाटी नव्हती. हात मांडीवर होते.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी सारखं आय कॅन, आय कॅन म्हणणार. मोठ्या माणसाच्या तोंडावर. ते बरं दिसतं? मला हे येतं, मला ते येतं, बाईमाणसानं असं म्हणायचं म्हंजे... उर्मट नाय वाटत?"

जानू दाढी करत होता. आरशात त्याला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. पुढे त्याने हे कितीदा तरी आठवून पाहिलं, तेव्हा नक्की काय झालं होतं ते. त्याने काही ठरवलं नव्हतं. खरं तर पहिल्यांदा जे मनात आलं ते खरंच होतं, की विनंती करताना 'कॅन'पेक्षा 'कुड' जास्त अदबीचं. ते पुस्तकात होतं. त्या खऱ्या गोष्टीला धरूनच पुढची गोष्ट आली.

"कुड म्हण," तो म्हणाला.

"कुड?"

"मोठ्यांपुढे कॅनचं कुड करायचं. अदब असते त्यात. आय कुड वॉश. आय कुड बॉईल वॉटर."

"आय कुड वॉश," ती म्हणाली. चेहरा उजळला. "बघा, विचारलं ते बरं झालं. मी आपली कॅन कॅन करून आले असते." आणि ती एकेक म्हणून दाखवायला लागली. आय कुड क्लीन. आय कुड टाय बँडेज. आय कुड होल्ड द बेबी. जानूच्या हातातला वस्तरा गालावर थांबला होता. तिचं एकेक 'येतं' त्याच्यासमोर 'येत होतं' होत चाललं होतं. मला धुता येत होतं. मला पट्टी बांधता येत होती. मला मूल धरता येत होतं. मग ती जरा थांबून, काम नसताना, नुसतं आवडलं म्हणून म्हणाली, "आय कुड स्विम. आय कुड रो द बोट." आणि भाद्रपदातली ती होडी, ती ओल्या लुगड्यातली पोरगी, तो बापसाचा आवाज, सगळं एका शब्दाने मागे गेलं, संपून गेलं. जानूला इतकं हलकं वाटलं की त्याने डोळे मिटले. मग डोळे उघडून त्याने आरशात पाहिलं. साबण वाळत चालला होता.

ती गेल्यावर तो कचेरीत गेला. त्याने एका यादीत मालकाच्या जागी गावाचं नाव लिहिलं, ते खोडलं, कागद फाडला. यमुनाबाईला कुणी असं शिकवलं नसेल. मिसबाई म्हणेल, हिला येत होतं, आता येत नाही, बिचारी. आणि बकुळा घरी येईल, रडेल, तो तिला समजावेल, पुन्हा पाटी काढेल. हे चित्र त्याला गोड वाटलं, आणि ते गोड वाटलं हे कळल्यावर त्याने टाक खाली ठेवला. पोट बिघडल्याचं सांगून तो उठला. मांडवीवरून चढण चढून दवाखान्याच्या फाटकापर्यंत तो जवळजवळ पळतच गेला. बकुळा आतल्या ओसरीवर बाकावर बसली होती, पाय जुळवून, ओठ हलवत. पाठ करत होती. एक हाक मारली असती तर पुरे होतं. त्याने तोंड उघडलं. हाक मारायला इंग्रजी लागत नव्हतं, नुसतं 'बकुळा' म्हणायचं होतं, पण त्या दिवशी पायऱ्यांवर झालं तेच झालं, जीभ टाळूला लागून राहिली. आणि ह्या वेळी ती लाजेने अडकलेली नव्हती हे त्याला माहीत होतं. आतून कुणीतरी बोलावलं. बकुळा उठली, पदर सारखा केला आणि आत गेली.

ती दिवेलागणीला घरी आली. पाय धुतले, देवापुढे दिवा लावला, चुलीवर भाताचं आधण ठेवलं. जानू ओट्यावर बसून होता. तिच्या चालीवरून काही कळेना. मग ती आली आणि उंबऱ्यापाशी बसली.

"मी गेले," ती म्हणाली. "मिसबाईनं विचारलं. मी म्हटलं, आय कुड वॉश, आय कुड क्लीन, सगळं, तुम्ही सांगितलं तसं. तर तिचं तोंडच उतरत गेलं. डोळ्यांत पाणी आलं वो तिच्या. उठून आली नि माझे हात हातात घेऊन एकेक बोट दाबून बघायला लागली. मला कळेना. मग तिनं गंगाबाईला बोलावलं, जुन्या नर्शीला, ती सांगायला लागली, मिसबाई विचारते, मूल गेल्यावर तुझ्या हातांना काही झालं काय? हल्ली तुला काहीच करता येत नाय काय? मी म्हटलं, असं कोण म्हणतं? गंगाबाई म्हणाली, तूच म्हणतेस."

जानूने नजर अंगणाकडे वळवली.

"मला असा राग आला. कुणाचा ते कळेना. मी उठले. मिसबाईला खुर्चीवर बसवलं, तिचाच हात धरला नि कोपरापासनं बोटांपर्यंत पट्टी बांधली. गंगाबाई ओरडत होती, अगो काय करतंस म्हणून. बांधून झाल्यावर म्हटलं, टुडे आय कॅन. टुमारो आय कॅन." ती थांबली. तिचा श्वास जलद झाला होता. "मग मिसबाई हसायला लागली. हसत हसत तिनं मला समजावलं, कॅन काय नि कुड काय. चांगलं तासभर बसून समजावलं."

"मग?" जानूने विचारलं.

"मग काय. पुढच्या महिन्यात जायचंय. घाटावर. यमुनाबाई म्हणाली, तिला तसंही घर सोडायचं नव्हतं." आत आधण खदखदायला लागलं होतं. ती उठली नाही. अंगणात अंधार उतरत होता आणि देवघरातल्या दिव्याचा उजेड तिच्या एका खांद्यावर पडला होता. त्याच्याकडे न बघता ती अगदी सावकाश म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, नाय काय?"

जानूला वाटलं, आळीतले सगळे आवाज बंद झाले. त्याला पाचवीपासून ठाऊक होतं. त्या शब्दासाठी त्याने छड्या खाल्ल्या होत्या. वर्गात मास्तरांनी फळ्याशी उभं करून सगळ्यांना सांगितलं होतं, ह्या तांडेलाच्या पोराकडून शिका. ठाऊक होतं म्हणावं, तर पुढचा प्रश्न उघड होता, आणि त्याचं उत्तर दिल्यावर ह्या ओट्यावर ती पुन्हा अशी बसेल की नाही ते त्याला सांगता आलं नसतं. ठाऊक नव्हतं म्हणावं, तर आयुष्यात एकच गोष्ट त्याला येत होती, तीही येत नव्हती असं होत होतं. तिने ते वाक्य प्रश्न म्हणून विचारलं होतं की त्याला सुटायला वाट म्हणून मोकळं ठेवलं होतं, हे तिच्या पाठमोऱ्या मानेवरून कळत नव्हतं. आणि त्या क्षणीसुद्धा, सगळ्याच्या तळाशी, त्याला तिचा हेवाच वाटत होता. तिने पट्टी बांधली होती. ती उठली होती.

"नव्हतं ठाऊक," तो म्हणाला.

"मग बसा. सांगतंय."

ती उंबऱ्यावरून त्याच्याजवळ सरकली आणि सांगायला लागली. आज जे येतं ते कॅन. पूर्वी यायचं, आता कदाचित नाही, ते कुड. कुणाला काही मागताना कुड म्हटलं तर अदब होते, पण स्वतःचं सांगताना नाही. ती सावकाश सांगत होती, नवशिक्या माणसाला सांगावं तसं, मध्ये मध्ये थांबून त्याला कळलं का ते बघत. तो योग्य ठिकाणी मान हलवत होता. तिची खात्री पटावी म्हणून त्याने एक शंकाही विचारली, की उद्या येईल अशी गोष्ट असली तर तिथे काय म्हणायचं? त्याचं उत्तर मास्तरांनी त्याला फळ्यावर लिहायला लावलं होतं. बकुळाने क्षणभर विचार केला.

"विल बी एबल," ती म्हणाली. "आय विल बी एबल टु. इथं मात्र टु लागतो."

उत्तर बरोबर होतं. ते देऊन झाल्यावरही ती त्याच्याकडे बघत राहिली, उत्तराला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. मग ती उठली आणि तांदूळ वैरायला आत गेली.